विमानातला प्लग सैल का होत नाही?

घरी मिक्सरचा प्लग सैल झाला, की आपण तो जरा हलवतो, दाबून धरतो. काम भागतं. लढाऊ विमानात ही सोय नाही. थरथरीत एक पिन क्षणभर सुटली, तरी वैमानिकासमोर चुकीचा आकडा येऊ शकतो.

हत्तरगीच्या सेझमुळे बेळगावकरांना विमानाचे सुटे भाग नवे नाहीत. पण या भागांमधल्या वायरी जोडणारा गोल कनेक्टर सहसा कुणाच्या नजरेत येत नाही. अमेरिकी लष्करी मानकातली ‘३८९९९’ ही त्यातली गाजलेली जात. तिच्या तिसऱ्या मालिकेत आटे तिहेरी असतात. त्यामुळे नट एकच पूर्ण फेरा फिरवला की जोड पक्का. आतली खटकेदार रचना नटाला थरथरीने उलटा फिरू देत नाही. सॉकेटवर लाल पट्टा असतो. जोड पूर्ण बसला की तो झाकला जातो. मेकॅनिकला लाल दिसलं, म्हणजे काम अर्धवट!

माणूस घाईत चुकणार, हेही गृहीत धरलेलं आहे. कडेला पाच खाचा असतात आणि त्यांचे कोन बदलता येतात. म्हणून शेजारचा, त्याच मापाचा कनेक्टर चुकून इथे बसत नाही. पिना आत खोल असल्याने वाकडा घातला तरी त्या वाकत नाहीत.

खाऱ्या हवेचं काय? दाभोळीसारख्या किनाऱ्यावरच्या नौदल तळावर साधा धातू लवकर गंजतो. म्हणून खाकी-हिरव्या कॅडमियमचा मुलामा देतात. तो मिठाच्या फवाऱ्यात ५०० तास टिकावा लागतो. कॅडमियम विषारी, त्यामुळे आता झिंक-निकेल पुढे येतंय.

या पिनांना वायर सहसा सोल्डरने जोडत नाहीत, दाबून क्रिम्प करतात. सोल्डरला तडा जाण्याची किंमत मोठी असू शकते. डिसेंबर २०१४ मध्ये सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअरएशियाचं विमान समुद्रात कोसळलं, १६२ जण गेले. तपासात रडरशी संबंधित यंत्रणेच्या सर्किटमध्ये सोल्डरला तडा सापडला. तिथे कनेक्टरचा दोष नव्हता आणि तडा हे एकमेव कारणही नव्हतं. बिघाडानंतर वैमानिकांची हाताळणीही चुकली. पण सुरुवात त्या तड्यापासून झाली.

क्रिम्पिंगचं हत्यारही असंच हट्टी. दांडा पूर्ण दाबला जाईपर्यंत ते उघडतच नाही.