भीमेकाठची तहान : एका युद्धदेखाव्याची घडण

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभारून त्यावर मावळे मांडण्याची रीत महाराष्ट्रातील मुलांना नवी नाही. तो मावळा साच्यातून निघालेला असतो. एकाचा चेहरा तोच दुसऱ्याचा, एकाची ढाल तीच दुसऱ्याची. किल्ल्याच्या आनंदाला तेवढे पुरते. परंतु ज्याला डायोरामा म्हणतात तो लष्करी देखावा वेगळ्या शिस्तीने घडतो. तेथे विशिष्ट दिवस असतो, विशिष्ट जागा असते, आणि मूर्तीच्या खांद्यावरील बंदुकीपासून पायाखालच्या धुळीपर्यंत प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात उतरवावी लागते. आपल्या निवासी विद्यालयाच्या इतिहास दालनासाठी आम्ही 1 जानेवारी 1818 या दिवशीचे भीमा कोरेगाव निवडले. असा देखावा कसा घडवावा, आणि तो घडवताना इतिहासाशी प्रामाणिक कसे राहावे, हे पुढील विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

प्रसंगाची निवड

घटना आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. कॅप्टन स्टॉंटन याच्या हाताखाली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीतील पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे 500 शिपाई, पूना घोडदळाचे स्वार, दोन तोफा आणि मद्रास तोफखान्याचे मूठभर गोलंदाज, अशी सारी मिळून आठशेच्या आसपास माणसे 31 डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघाली. रात्रभर सुमारे 40 किलोमीटर चालून ती सकाळी कोरेगावात पोहोचली. समोर दुसऱ्या बाजीरावाचे सुमारे 28,000 सैन्य होते. त्यांतील अरब, गोसावी आणि कवायती पायदळ यांच्या तुकड्या, म्हणजे सुमारे 2,000 माणसे, गावात शिरून लढली. दिवसभर गल्लीगल्लीत झुंज झाली. नदी डोळ्यांसमोर असूनही पाण्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. अंधार पडू लागला तसा हल्ल्याचा जोर ओसरला, तेव्हा कोठे शिपायांना पाणी मिळाले. रात्री नऊच्या सुमारास गोळीबार थांबला. कंपनीच्या तुकडीतील पावणेतीनशे माणसे मृत, जखमी किंवा बेपत्ता झाली होती. पण गाव तिच्या हातून गेले नाही.

या दिवसाचे चित्र काढावयास सांगितले तर बहुतेक जण उगारलेली तलवार काढतील. आम्ही मात्र पाणी मिळाल्याचा क्षण घेतला. त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण कलेचे आहे. धावणारी, वार करणारी मूर्ती लहान आकारात बहुधा नाटकी दिसते. थकून बसलेली मूर्ती खरी वाटते. दुसरे कारण आपल्या संस्थेच्या विचाराचे आहे. कलिंगाच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने तेराव्या शिलालेखात आपल्या पराक्रमाची वर्णने कोरली नाहीत. मारल्या गेलेल्यांची व देशोधडीस लागलेल्यांची संख्या कोरली आणि आपला पश्चात्ताप नोंदविला. बौद्ध संस्थेने युद्ध दाखवू नये असे नाही. मात्र ते दाखवताना माणसाला काय सोसावे लागले हे झाकता कामा नये.

प्रमाण

लष्करी प्रतिकृतींत 1:35 हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. प्रत्यक्षातील 35 सेंटिमीटर म्हणजे देखाव्यातील 1 सेंटिमीटर. साडेपाच फुटी माणूस या हिशेबाने 4.8 सेंटिमीटरचा होतो. शिपायांच्या हाती असे ती इंडिया पॅटर्नची बंदूक सुमारे 140 सेंटिमीटर लांब होती. ती येथे 4 सेंटिमीटरची. तिची 39 इंची नळी 2.8 सेंटिमीटरची आणि 17 इंची संगीन 1.2 सेंटिमीटरची होते. नळीसाठी जाड सुई, दस्त्यासाठी बांबूची चोय आणि संगिनीसाठी टाचणी हे साहित्य पुरेसे आहे.

हाच हिशेब जमिनीला लावला की मर्यादाही कळते. आमचा पाट 60 सेंटिमीटर लांब व 45 सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे प्रत्यक्षातील 21 मीटर लांब आणि जेमतेम 16 मीटर रुंद जागा. एवढ्यात लढाई मावत नाही. एक गल्ली, एक पडकी मातीची भिंत आणि एक अंगण मावते. आम्ही चौदाच मूर्ती ठेवल्या : नऊ शिपाई, दोन गोलंदाज, एक पायउतार झालेला स्वार, एक जखमी इंग्रज अधिकारी आणि भिंतीशी पडलेला एक मृत अरब. गर्दी करून संख्या दाखविण्याचा मोह टाळावा. पाहणारा चौदा माणसांजवळ थांबतो. चारशेंवरून त्याची नजर घसरते.

मूर्तीची घडण

मूर्तीचा आरंभ सांगाड्यापासून होतो. वायरमनकडे उरलेली तांब्याची बारीक तार घ्यावी. दोन तुकडे मध्यभागी एकमेकांभोवती पिळले की कणा होतो. खालची दोन टोके पाय आणि वरची दोन हात. उभ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी असते, म्हणून आपल्या मूर्तीचे डोके साडेसहा मिलिमीटरहून मोठे होऊ देऊ नये. नवख्या हाताचे डोके हमखास मोठे होते आणि मग शिपाई बाहुल्यासारखा दिसतो.

तार वाकवतानाच माणसाचा भार कोठे आहे ते ठरवावे. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला, तर तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो. त्या बाजूचे कंबरेचे हाड वर जाते आणि खांदा खाली येतो. थकवा येथे दिसतो, चेहऱ्यावर नंतर. रात्रभर चाललेला आणि दिवसभर लढलेला माणूस ताठ उभा राहत नाही. तो बंदुकीला टेकतो, भिंतीला पाठ लावतो किंवा उकिडवा बसतो.

अंग भरण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे एम-सील सोयीचे आहे. त्याचे दोन भाग सारख्या प्रमाणात घेऊन एकजीव होईपर्यंत मळावेत. ते लवकर घट्ट होत असल्याने एका वेळी बोराएवढेच मळावे. हातमोजे घालावेत आणि कोरणी पाण्यात बुडवत राहावी, म्हणजे ती चिकटत नाही. दाभण, टूथपिक आणि घासून गोल केलेली सुई ही हत्यारे बहुतेक कामाला पुरतात. आधी उघडे शरीर घडवून ते सुकू द्यावे, मग त्यावर कपड्याचा पातळ थर चढवावा. अंगरख्याच्या चुण्या कोपर, काख आणि गुडघा येथूनच निघतात; मन मानेल तेथे रेघा ओढल्याने कापड होत नाही. छातीवरून तिरपे जाणारे दोन पांढरे पट्टे जाड कागदाच्या दीड मिलिमीटर रुंदीच्या फिती कापून चिकटवावेत. सगळे सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने खडबडीतपणा काढून मूर्ती साबणाच्या पाण्याने धुवावी, नाहीतर बोटांच्या तेलकटपणामुळे रंग सुटतो.

रंग आणि चेहरा

प्रथम करड्या प्रायमरचा एकच पातळ हात द्यावा. पुढे चमक नसलेले ॲक्रिलिक रंग पाणी घालून, दोन-तीन पातळ थरांत लावावेत. जाड रंगाखाली कोरीव काम बुजते. एवढ्या लहान वस्तूवर प्रकाशाच्या सावल्या पुरेशा पडत नाहीत, म्हणून त्या रंगवाव्या लागतात. प्रकाश कोणत्या दिशेचा हे एकदा ठरवून चौदाही मूर्तींसाठी तेच पाळावे.

कंपनीच्या शिपायाचा अंगरखा लाल हे सर्वांना ठाऊक असते. परंतु साध्या शिपायाचे कापड मंजिष्ठाच्या मुळांपासून केलेल्या रंगाने रंगवलेले असे. तो लाल विटकरीकडे झुकणारा असतो. अधिकाऱ्याच्या अंगरख्याची झगझगीत लाली त्याला नसते. म्हणून ट्यूबमधला लाल रंग तसाच वापरू नये. त्यात थोडा बर्न्ट सिएना मिसळावा. उजेडाच्या जागी पांढरा घातला तर लाल गुलाबी होतो. तेथे यलो ऑकर घालावा.

सर्वांत अधिक विचार चेहऱ्याचा करावा लागतो. प्रतिकृतींच्या रंगसंचात ‘त्वचा’ म्हणून येणारी बाटली बहुधा गोऱ्या माणसाच्या त्वचेची असते. ती आपल्या शिपायांना चालणार नाही, आणि नुसता तपकिरी रंग फासणेही योग्य नाही. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर यांच्या मिश्रणात किंचित पांढरा घालून मूळ रंग करावा. सावलीसाठी बर्न्ट अंबरमध्ये निळ्याचा एक ठिपका मिसळावा. कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालाचे हाड यांवर ऑकरचा उजाळा द्यावा. पांढऱ्याने उजाळा दिला तर सावळी त्वचा राखेसारखी दिसते. प्रत्येक मूर्तीसाठी हे मिश्रण थोडे बदलावे, कारण एका गावातील दोन भावांचाही वर्ण सारखा नसतो. डोळ्यांत पांढरे बुबुळ रंगवू नये. पापणीची एक गडद रेघ पुरते.

एक बारकावा विसरू नये. त्या काळी बंदूक भरताना कागदी काडतूस दातांनी फाडावे लागे. दारू ओठांना लागे, तोंडाच्या कडा काळ्या होत, आणि दारूतील सोरा तोंडात जाऊन तहान अधिकच वाढे. म्हणून शिपायांच्या ओठांच्या कडेला काळ्या-करड्या रंगाचा कोरडा हात फिरवावा. तहान दाखविण्यासाठी तोंड वासलेले करण्याची गरज उरत नाही.

शेवटी धूळ. पाटावर जी माती वापरली तीच कुटून, तलम कापडातून चाळून मऊ ब्रशाने मूर्तींच्या पायांपासून गुडघ्यांपर्यंत लावावी, वर विरळ करीत न्यावी. माणूस आणि जमीन यांची धूळ एक झाली की मूर्ती पाटावर ठेवल्यासारखी न दिसता तेथे उभी असल्यासारखी दिसते.

नावे आणि पाणी

या शिपायांना चेहरे देण्याचा आग्रह आम्ही का धरला, याचे उत्तर कोरेगावच्या जयस्तंभावर आहे. तेथे कंपनीच्या बाजूने पडलेल्या 49 जणांची नावे कोरली आहेत. त्यांतील 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ते महार शिपाई होत. उरलेल्यांत मराठा, राजपूत, मुसलमान आणि ज्यू नावे आहेत. पलटण केवळ महारांची होती असे म्हणणे जसे अपुरे, तसे महारांचा वाटा न सांगता पलटणीचा इतिहास सांगणे अन्यायाचे. ज्या समाजाचे नाव देवळाच्या पायरीवर किंवा गावच्या दप्तरात मानाने लिहिले जात नव्हते, त्याची 22 नावे दगडावर कोरली गेली. ही माणसे परक्या कंपनीच्या चाकरीत होती, आणि त्याच इंग्रजी राजवटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांना सैन्यभरतीचे दार बंद केले. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहीपर्यंत ते कायमचे उघडले नाही. देखाव्याखालच्या पाटीवर आम्ही हे सर्व लिहिले आहे. गौरव पुरा सांगावयाचा तर त्याची ही बाजूही सांगितली पाहिजे.

आता पाण्याविषयी. सगळे शिपाई एकाच घागरीतून पाणी पीत आहेत असे दाखवणे मनाला सुखावणारे झाले असते. परंतु 1818 च्या समाजाला ते श्रेय देण्यास आधार नाही. म्हणून प्रत्येक शिपायाच्या हाती त्याचा स्वतःचा लोटा दिला. लहान काचमणी पितळी रंगाने रंगवला की या प्रमाणातला लोटा होतो. त्यात पारदर्शक वार्निशचा एक थेंब सोडला की पाणी होते. वेगवेगळे लोटे का, असे पाहणाऱ्या मुलाने विचारावे अशी आमची अपेक्षा आहे. तो प्रश्न त्याला 1927 पर्यंत घेऊन जाईल. त्या वर्षी 1 जानेवारीला बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी आले, आणि त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात, 20 मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हजारोंसह ओंजळीने घेतले. रणांगणावर बरोबरीने मरण्याचा अधिकार मिळाला तरी तळ्यावर बरोबरीने पिण्याचा अधिकार मिळत नाही, हे या दोन तारखांमधील अंतर सांगते.

भिंतीशी पडलेल्या अरबाच्या मूर्तीलाही आम्ही तेवढाच वेळ दिला. तोही घरापासून फार दूर, दुसऱ्याच्या पगारावर लढत होता. त्याचा चेहरा क्रूर रंगवणे सोपे होते. तो फक्त निजलेल्या माणसाचा रंगवला आहे. मैत्रीभावना वर्गात शिकवायची आणि दालनात शत्रूला राक्षस करायचे, हे आपल्या संस्थेत शोभणार नाही.

पाटाच्या डाव्या बाजूस अजून हातभर जागा मोकळी ठेवली आहे. तेथे घराच्या ओट्यावर जखमींची शुश्रूषा दाखवता येईल. त्यासाठी निजलेल्या व टेकून बसलेल्या पाच मूर्ती लागतील. तार, एम-सील आणि शून्य क्रमांकाचे ब्रश दालनाच्या कपाटात आहेत. आठवी व नववीच्या विद्यार्थ्यांनी आधी स्तंभावरील नावे वाचावीत, त्यांतील एक नाव निवडावे, आणि मग तार वाकवण्यास घ्यावी.