काठीच्या होळीतला न विटणारा रंग

नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते. त्याआधी रात्रभर ढोल घुमतात, कमरेला बांधलेले घुंगरू आणि वाळलेले भोपळे वाजत राहतात. नवस फेडणाऱ्यांच्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी असते, डोक्यावर बांबूच्या कामट्या आणि मोरपिसांचा उंच टोप. सातपुड्यातल्या भिल्ल कारागिरीचा हा मला सर्वांत देखणा नमुना वाटतो. त्याचा रंग येतो कुठून, हे कळल्यावर तर त्याचं मोल आणखी वाढतं.

याच दिवसांत फुलणाऱ्या पळसाचा रंग पाण्यात उतरतो, कापडावर चढतो आणि उन्हात विटतो. मोरपिसाचं तसं नाही. ते कितीही उकळलं तरी निळं पाणी निघणार नाही, कारण त्यात निळा रंग नाहीच. पीस डोळा आणि दिवा यांच्यामध्ये धरून पाहा, ते तपकिरी दिसेल. आत आहे ते मेलॅनिन, आपले केस काळे करणारं. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या पिसाच्या तंतूंत जाळीसारख्या रचलेल्या असतात. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये ही जाळी मोजली. दोन कांड्यांमधलं अंतर निळ्या भागात सुमारे 140 नॅनोमीटर, हिरव्यात 150. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. फरक अवघ्या दहाचा, आणि तेवढ्याने निळ्याचा हिरवा होतो!

मोराला त्यासाठी जाळी विणावी लागते. सिलिकॉनचा मात्र एकटा कणही रंग दाखवतो. तापीच्या वाळूत ऑक्सिजनशी जोडलेलं हे मूलद्रव्य शुद्ध करून त्याचे गोल कण केले, की त्यांच्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत घुमतो. लहान ढोलकीचा सूर चढा, मोठ्या ढोलाचा खर्जातला. इथेही आकारच सूर ठरवतो. सुमारे 100 नॅनोमीटरचा कण निळा प्रकाश विखुरतो, 200 च्या जवळ गेलेला तांबडा. गोल कण प्रकाश कसा विखुरतो याचं गणित गुस्ताव मी यांनी 1908 मध्येच मांडलं होतं. सिलिकॉनच्या एकेका कणाचे असे रंग 2012 मध्ये प्रयोगात दिसले. जपानच्या कोबे विद्यापीठात आता अशा कणांची शाई तयार झाली आहे. तिचा रंग कुठूनही पाहिला तरी जवळपास तोच राहतो, मोरपिसासारखा कोनागणिक बदलत नाही.

नाचणाऱ्यांच्या अंगावरचे पांढरे ठिपकेही याच घराण्यातले. पिठाचे किंवा राखेचे कण प्रकाशलहरींच्या मानाने मोठे आणि वेडेवाकडे असतात. ते सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून पांढरे दिसतात.

मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा ठरते. पावसाळ्यानंतर तो आपली पिसं आपणच गाळतो. टोपाला तीच पुरेत.