विश्लेषण : ‘सगळं मिळून तीन-वीस’ म्हणजे नेमकं काय? घराचं काम काढण्याआधी काँट्रॅक्टरच्या हातात कोणते कागद हवेत?

फ्लॅटचं रिनोव्हेशन करताना बजेट का कोलमडतं, भिंत पाडण्याआधी काय तपासायचं, कोटेशनची तुलना कशी करायची आणि शेवटचा हप्ता कधी द्यायचा? समजून घेऊया.

दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेचं काम काढलं. स्वयंपाकघर, बाथरूम आणि हॉलची लादी. ओळखीतून आलेल्या काँट्रॅक्टरने दहा मिनिटं घर पाहिलं आणि डायरीच्या पानावर एक ओळ लिहून दिली : ‘किचन + बाथरूम + लादी, सगळं मिळून ३ लाख २० हजार.’ बाबांनी लगेच ५० हजारांचा ॲडव्हान्स दिला.

काम संपलं तेव्हा आकडा ४ लाख ६० हजारांवर गेला होता. मध्ये दर आठवड्याला एक वाक्य ऐकू यायचं : “काका, ते आपल्यात धरलं नव्हतं.” गिझरचा पॉइंट धरला नव्हता. ओट्याखालचा कडप्पा धरला नव्हता. राडारोडा खाली उतरवून नेणं धरलं नव्हतं. चार महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांच्या छताला ओल धरली होती. वॉटरप्रूफिंगही ‘धरलं’ होतं की नाही, हे सांगणारा एकही कागद आमच्याकडे नव्हता.

तो माणूस लबाड होता, असं मला आजही वाटत नाही. काय हवंय हे आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं. इंजिनीअरिंगची चार वर्षं मी ड्रॉइंग शीट काढण्यात घालवली आणि स्वतःच्या घराच्या वेळी साधा कागद-पेन्सिल घेऊन बसलो नाही. बाथरूम पुन्हा फोडावं लागलं, तेव्हा मात्र बसलो. त्यातून जे कळलं, ते इथे देत आहे.

पहिला कागद : घर आज कसं आहे?

नव्या घराचं स्वप्न रंगवण्याआधी जुन्या घराचा नकाशा काढा. त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. चौकटीची वही आणि मोजपट्टी पुरते. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी आणि उंची, भिंतींची जाडी, दारं-खिडक्यांची मापं, खांब आणि छतावर दिसणारे बीम, नळ, नहाणी ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप आणि मेन स्विच यांच्या जागा लिहा.

माप तीन ठिकाणी घ्या : खाली, मध्ये आणि वर. जुन्या इमारतींत भिंती सरळ नसतात. ओट्याच्या भिंतीला अर्ध्या इंचाचा फरक असला, तरी तयार ट्रॉली बसत नाही.

बिल्डरच्या ब्रोशरमधल्या नकाशावर विसंबू नका. त्यातली मापं बऱ्याचदा प्लास्टरच्या आधीची असतात.

दुसरा कागद : कामांची यादी

सरकारी टेंडरमध्ये याला बीओक्यू म्हणतात. सोप्या भाषेत, काय करायचं, किती करायचं, कोणत्या मालाने करायचं आणि दर काय, याची यादी. सगळा खेळ या कागदावर आहे.

एक उदाहरण घेऊ. बाथरूम ७ फूट बाय ४ फूट आहे आणि छताची उंची ९ फूट. तुम्ही नुसतं ‘बाथरूमला टाइल्स बसवणे’ लिहिलं. आता हिशेब पाहा :

- चारही भिंतींची एकूण लांबी : २२ फूट.
- टाइल्स ७ फुटांपर्यंत : २२ × ७ = १५४ चौरस फूट. अडीच फूट रुंद आणि ७ फूट उंच दार वजा केलं की १३६.५.
- टाइल्स छतापर्यंत : २२ × ९ = १९८ चौरस फूट. दार वजा केलं की १८०.५.

फरक ४४ चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. एका काँट्रॅक्टरने ७ फूट धरले आणि दुसऱ्याने छतापर्यंत, तर पहिला स्वस्त दिसेल. प्रत्यक्षात तो स्वस्त नसतो, त्याने काम कमी धरलेलं असतं. बाकीचं पुढे ‘एक्स्ट्रा’ म्हणून येतं.

तीच ओळ अशी लिहा : ‘बाथरूमच्या चारही भिंतींना ७ फुटांपर्यंत १२ बाय १८ इंची टाइल्स बसवणे. जुन्या टाइल्स व प्लास्टर काढणे, नवीन प्लास्टर आणि सांधे भरणे यासह. टाइल्स मालकाच्या. सिमेंट, रेती, ग्राउट आणि मजुरी काँट्रॅक्टरची. अंदाजे १३७ चौरस फूट. दर प्रति चौरस फूट.’

एवढी ओळ लिहिली की पाच भांडणं वाचतात.

यादीत हमखास सुटणाऱ्या गोष्टी :

- तोडफोड, राडारोडा गोण्यांत भरणं, खाली उतरवणं आणि टेम्पोने नेणं
- वॉटरप्रूफिंग आणि त्याची चाचणी
- स्कर्टिंग, उंबरे, खिडकीच्या कडांचे दगड
- गिझर, चिमणी, वॉटर प्युरिफायर, वॉशिंग मशीनचे पॉइंट आणि पाण्याच्या जोडण्या
- वायरिंगसाठी फोडलेल्या भिंतींचं पुन्हा प्लास्टर, पुट्टी आणि रंग
- लादीवर संरक्षक आवरण, शेवटची साफसफाई
- जीएसटी धरून की सोडून

मालाच्या बाबतीत ‘चांगल्या क्वालिटीचा’ हे शब्द निरुपयोगी आहेत. कंपनी, ग्रेड आणि जाडी लिहा. सिंकखालच्या कपाटासाठी ‘प्लाय’ एवढंच लिहू नका, ‘आयएस ७१० मरीन ग्रेड, १८ मिलिमीटर’ असं लिहा. वस्तू निवडून झाली नसेल, तर किमान दराची मर्यादा लिहा : ‘टाइल्स प्रति चौरस फूट अमुक रुपयांपर्यंत’.

मोजमाप कसं होणार, हेही आधीच ठरवा. बांधकामाच्या मोजणीसाठी आयएस १२०० हे भारतीय मानक आहे. त्यानुसार प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागांची वजावट होत नाही. त्यापेक्षा मोठ्या दारं-खिडक्यांसाठी वेगळे नियम आहेत. तुमचा काँट्रॅक्टर मानक वापरो वा स्वतःची पद्धत, ती कागदावर असली म्हणजे झालं.

तिसरा कागद : भिंतीच्या आत काय असेल?

टाइल्स पसंत पडल्या नाहीत तर डोळ्यांना खुपतात, एवढंच. वायर आणि पाइप चुकले तर भिंत फोडावी लागते. म्हणून प्रत्येक भिंत समोरून कशी दिसेल, याचं साधं चित्र काढा आणि त्यावर प्रत्येक बोर्ड, नळ, शॉवर आणि गिझर यांची जमिनीपासूनची उंची लिहा. ही उंची नव्या लादीपासून मोजायची की जुन्या, हे लिहायला विसरू नका. जुन्या लादीवर नवी बसवली की दीड-दोन इंच सहज वाढतात आणि दारं घासायला लागतात.

वायरची जाडीही लिहा. घरगुती कामात साधारणपणे दिवे-पंख्यांना १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ आणि एसी किंवा गिझरला ४ चौरस मिलिमीटरची वायर वापरली जाते. घरातली उपकरणं दाखवून अंतिम आकडे परवानाधारक वायरमनकडून पक्के करून घ्या. जुन्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर हीच वेळ आहे. शॉक लागल्यास तो काही मिलिसेकंदांत वीज तोडतो.

बाथरूमच्या नकाशावर उताराची दिशा बाणाने दाखवा. ७ फुटांच्या लांबीला साधारण १ इंच उतार मिळाला तर पाणी साचत नाही. आणि कामाचा क्रम लिहा : फोडणं, पाइप टाकणं, पाइपात दाब देऊन गळती तपासणं, वॉटरप्रूफिंग, मग ट्रॅप बंद करून निदान २४ तास पाणी भरून ठेवणं. खालच्या घरी जाऊन छत पाहायचं आणि मगच कोबा व टाइल्स. आमच्याकडे पहिल्या वेळी ही पाण्याची चाचणी झालीच नाही. एक दिवस वाचला आणि पुढे अख्खं बाथरूम गेलं.

भिंत पाडायची आहे? इथे थांबा

२५ जुलै २०१७. घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर सुरू असलेल्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला, पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. आपल्या मालकीच्या चार भिंतींत केलेलं काम वरच्या सगळ्या मजल्यांचा प्रश्न होऊ शकतं, याची आठवण मुंबईला या दुर्घटनेने करून दिली.

साधारण तीन प्रकारच्या इमारती असतात :

- जुन्या, भिंतींवर उभ्या असलेल्या : यांत खांब नसतात, जाड भिंतीच वजन पेलतात. अशा भिंतीला मोठं भोक पाडणंही धोक्याचं.
- खांब आणि बीमच्या : आतल्या पातळ विटांच्या भिंती बहुतेक वेळा फक्त आडोशाच्या असतात. पण ‘बहुतेक’ या शब्दावर हातोडा चालवायचा नसतो.
- नवे टॉवर : यांतल्या अनेकांत ॲल्युमिनियम साच्यांचं, म्हणजे बोलीभाषेतलं ‘मायवान’ बांधकाम असतं. आतल्या भिंतीही सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात. तिथे वायरसाठी खाच पाडणंही चालत नाही.

भिंत ठोकून आवाजावरून ओळखणाऱ्या मिस्त्रीवर हा निर्णय सोडू नका. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ड्रॉइंग आहेत का, ते विचारा. स्ट्रक्चरल इंजिनीअरला घर दाखवा आणि त्याचं मत लेखी घ्या. त्याची फी एकूण खर्चात किरकोळ असते.

नव्या फ्लॅटमध्ये आणखी एक मुद्दा आहे. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत आढळलेले बांधकामातले दोष बिल्डरने विनाशुल्क दुरुस्त करायचे असतात. तुम्ही मध्येच भिंती हलवल्या, तर ‘हा दोष तुमच्याच कामामुळे’ असं म्हणायला त्याला जागा मिळते.

परवानगी कुणाची?

टाइल्स बदलणं, रंग, प्लास्टर अशा नेहमीच्या दुरुस्तीला सहसा महापालिकेची परवानगी लागत नाही. भिंत काढणं, बाल्कनी बंद करणं, बाथरूमची जागा बदलणं या गोष्टी मात्र वेगळ्या. मुंबईत अशा फेरबदलांसाठी महापालिका अधिनियमाच्या कलम ३४२ नुसार आयुक्तांना आधी नोटीस द्यावी लागते. इतर शहरांत आपापल्या महापालिकेच्या बांधकाम विभागात विचारा.

सोसायटीला मात्र काम लहान असलं तरी लेखी कळवा. अर्जासोबत हेच तीन कागद जोडले की कमिटीचे निम्मे प्रश्न संपतात. कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर, डिपॉझिट आणि राडारोडा ठेवायची जागा यांची उत्तरं लेखी घ्या आणि ती काँट्रॅक्टरलाही द्या. दुपारी दोन ते चार हातोडा बंद असेल, तर त्याचे दिवस वाढतात. ते त्याला दर देण्याआधी कळायला हवं.

कोटेशन, करार आणि हप्ते

एकच यादी तीन जणांना द्या आणि दर त्याच यादीत भरून मागा. मग एकूण आकड्याआधी एकेक ओळ पाहा. दोघांचा दर जवळपास आणि तिसऱ्याचा निम्मा असेल, तर त्याने काय वगळलंय ते विचारा. उत्तर पटलं तर ठीक.

पैसे तारखेला बांधू नका, कामाच्या टप्प्याला बांधा. उदाहरणार्थ :

- सुरुवातीला : १० टक्के
- तोडफोड आणि पाइप-वायर पूर्ण झाल्यावर : २५ टक्के
- वॉटरप्रूफिंगची चाचणी पास झाल्यावर : २० टक्के
- टाइल्स आणि ओटा झाल्यावर : २५ टक्के
- रंग, फिटिंग झाल्यावर : १० टक्के
- उरलेली कामं संपल्यावर, महिनाभराने : १० टक्के

टक्के कमी-जास्त करा, पण शेवटचा हप्ता हातात ठेवा. आणि काँट्रॅक्टरच्या बाजूनेही पाहा. मजुरांना त्याला दर आठवड्याला पैसे द्यावे लागतात. टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या. पैसे अडकले की माणसं दुसऱ्या साइटवर जातात.

मध्येच मन बदललं तर?

बदलणारच. नियम एकच ठेवा : काय बदललं, किती रुपये वाढले किंवा कमी झाले आणि किती दिवस वाढले, हे व्हॉट्सॲपवर लिहायचं आणि समोरून ‘ओके’ आल्यावरच काम करायचं.

पुढे वाद झालाच, तर हेच मेसेज, यादी आणि बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद कामी येते. निकृष्ट काम ही सेवेतली त्रुटी मानून ग्राहक आयोगाकडे जाता येतं. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. कागद नसेल, तर तिथेही ‘धरलं होतं’ आणि ‘धरलं नव्हतं’ हेच ऐकू येईल.

आमच्या बाथरूमचं काय झालं?

दुसऱ्या वेळी दोन रविवार मोजण्यात आणि लिहिण्यात गेले. यादी दोन पानांची झाली. नवा काँट्रॅक्टर ती वाचून म्हणाला, “काका, एवढं लिहून कुणी देत नाही. पण मला बरं पडेल.” पाणी भरून ठेवलं, तेव्हा खालच्या काकांनी स्वतः छताचे फोटो पाठवले, कोरडे. टाइल्स लागण्याआधी मी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढला. परवा आईला आरशासाठी खिळा ठोकायचा होता. फोटो पाहिला, पाइप चार इंच डावीकडे होता. खिळा उजवीकडे ठोकला.