लिनक्स संगणकावरील आज्ञावलींना सुरक्षिततेचे कुंपण

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये निर्माण केलेल्या लिनक्स गाभ्यावर उभ्या असलेल्या संगणक प्रणालींत एका वापरकर्त्याच्या फायली दुसऱ्यापासून सुरक्षित राहतात. तथापि, वापरकर्त्याने चालविलेल्या आज्ञावलीला सामान्यतः त्याचेच सर्व अधिकार प्राप्त होतात. त्यामुळे केवळ चित्रे दाखविणारी आज्ञावलीही त्याचा पत्रव्यवहार व हिशेब वाचू शकते. ती दुष्ट हेतूने रचलेली असेल, तर मोठी हानी संभवते.

यावरील उपाय म्हणजे ‘सँडबॉक्स’, अर्थात आज्ञावलीभोवती घातलेले कुंपण. फ्लॅटपॅक हे त्याचे एक प्रमुख साधन होय. अलेक्झांडर लार्सन यांनी आरंभिलेल्या या प्रकल्पास २०१६ मध्ये हे नाव मिळाले आणि २०१८ मध्ये त्याची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली.

कार्यपद्धती

गाभ्यातील ‘नेमस्पेस’ या सोयीच्या आधारे आज्ञावलीस संगणकाचा मर्यादित भागच दाखविला जातो. जे दिसत नाही, ते तिला उघडता येत नाही. एखादी फाइल हवी असल्यास ‘पोर्टल’ नावाचा मध्यस्थ वापरकर्त्यापुढे निवडीची चौकट ठेवतो आणि निवडलेली फाइलच आत पोचवितो.

उभारणी

डेबियन व उबुंटू प्रणालींत ‘ॲप्ट’ या साधनाद्वारे फ्लॅटपॅक बसवावे. त्यानंतर ‘फ्लॅटहब’ हे भांडार जोडून संगणक पुन्हा सुरू करावा आणि हवी ती आज्ञावली मागवावी. प्रथम तिच्यासोबत ‘रनटाइम’ हा सामायिक पायाही उतरवून घेतला जात असल्याने अधिक जागा लागते. तोच पाया पुढे इतर आज्ञावलींनाही उपयोगी पडतो.

दक्षता

कुंपण घातले म्हणजे धोका सरला, असे मात्र समजू नये. कोणत्या परवानग्या लागतील, हे आज्ञावलीचे पॅकेज तयार करणाराच आधी नमूद करतो. काही आज्ञावली वापरकर्त्याच्या संपूर्ण फोल्डरची मुभा मागतात. ती दिल्यास कुंपणाचा हेतूच विफल होतो. ‘एक्स-११’ या जुन्या दर्शन-व्यवस्थेत तर एका आज्ञावलीस दुसरीतील टंकलेखन टिपता येते; ‘वेलँड’ या नव्या व्यवस्थेत तसे होत नाही.

म्हणून बसविण्यापूर्वी परवानग्यांची यादी वाचावी, ‘फ्लॅटसील’च्या साहाय्याने अनावश्यक परवानग्या काढून टाकाव्यात आणि आज्ञावलींसह रनटाइमही वेळोवेळी अद्ययावत करावेत. कुंपणाचे फाटक किती उघडे ठेवावे, हे अखेरीस वापरकर्त्याच्याच हाती असते.