दोन कान, पण काम निरनिराळे

वरळीच्या गिरणीत साचेखात्यात राबलेला माणूस तुमच्या घरी असेल, तर मोठ्याने बोलायची सवय साऱ्या घरालाच लागलेली असेल. आपण म्हणतो, वय झाले. वय असेलही, पण खरे कारण साचे. धोट्यांच्या खडखडाटाने तिथला आवाज १०० डेसिबलच्या घरात जाई. कामगार हातवाऱ्यांनी बोलत. साचे चारी बाजूंना, म्हणून दोन्ही कान सारखेच जात. गिरण्या बंद पडल्या, बहिरेपण मात्र गावी आले.

शेतावर निराळेच घडते. ट्रॅक्टरवाला मागचा नांगर पाहायला मान उजवीकडे वळवून बसतो आणि डावा कान इंजिनासमोर येतो. वर्षे गेली की तोच आधी मंद होतो. दुसरा कान सांभाळून घेतो, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

एक कान आहे ना, मग बिघडले काय? बिघडते. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदू त्यावरूनच दिशा ओळखतो. एकाच कानाच्या माणसाला मोटारसायकल कुठून आली हे कळत नाही.

शिवाय दोन्ही कान एकसारखे ऐकतही नाहीत. उजव्या कानाचा आवाज मुख्यतः मेंदूच्या डाव्या भागात जातो आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. डोरीन किमुरा या कॅनडातल्या बाईंनी १९६१ साली दोन्ही कानांत एकाच वेळी निरनिराळे आकडे ऐकवले. उजव्या कानातले लोकांना जास्त आठवले. सुरांच्या बाबतीत पुढे डावा कान सरस ठरला. फरक थोडा असतो. एका कानानेही बोलणे समजते, घाबरू नका.

घरी पाहायचे तर एक कान बोटाने बंद करून दुसऱ्याजवळ घड्याळाची टिकटिक ऐका, मग कान बदला. फोन नेहमी एकाच कानाला लावणाऱ्याला मुद्दाम दुसऱ्या कानाला लावायला सांगा. फरक वाटला तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. एक कान अचानक बंद झाला तर तेल घालत बसू नका. दोन-तीन दिवसांत उपचार झाले तर तो परत येण्याची आशा जास्त असते. ट्रॅक्टर चालवताना कानात बोळे हवेत, तेही साध्या कापसाचे नव्हे. त्याने आवाज फारसा अडत नाही. औषधांच्या दुकानात फोमचे मिळतात.

आणि वर्गात लक्ष देत नाही म्हणून मार खाणाऱ्या पोराचे दोन्ही कान आधी तपासून घ्या. एक मंद निघाला, तर चांगला कान गुरुजींकडे येईल असे पुढच्या बाकावर बसवायला सांगा.