तबकडीला क्रमांक असतो, फितीला गाव

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांची सविस्तर सूची अभ्यासकांच्या हाती आहे. ती केली मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने. मिरजेशी आयुष्य जोडलेल्या गायकाचे हे काम इतक्या दुरून होऊ शकले, त्याचे मोठे कारण तबकडीतच आहे. ग्रामोफोन कंपन्या प्रत्येक मुद्रणाला क्रमांक देत आणि तो लेबलाजवळ लाखेतच उमटलेला असे. लेबल फाटले, रागाचे नाव चुकीचे छापले, तरी क्रमांक खोटे बोलत नाही. त्याच्या आधाराने १९०४-०५ च्या सुमाराच्या तबकड्या आणि १९३४ नंतर ओडियनसाठी झालेल्या तबकड्या वेगळ्या लावता येतात. मग मधल्या तीस वर्षांत खाँसाहेबांचे गाणे कसे संथ, आलापाकडे झुकत गेले, हे नुसत्या आठवणींवर न विसंबता कानांनी तपासता येते.

सगळे इंटरनेटवर ऐकायला मिळते, मग सूची कशाला, असे विचारले जाते. पण ऐकायला मिळणे वेगळे आणि काय ऐकतो आहोत हे कळणे वेगळे. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवरून एलपीवर, तिथून कॅसेटवर आणि पुढे संगणकावर गेली. दर वेळी वेष्टन नवे, म्हणून ऐकणाऱ्याला ती तीन वेगळी गाणी वाटू शकतात. शिवाय जुन्या तबकड्यांचा वेग नेमका ७८ फेऱ्यांचाच असे, असे नाही. ७८ वर मुद्रित झालेली तबकडी ७४ वर वाजवली, तर काळी एकची पट्टी जवळपास पांढरी एकवर उतरते. गायकाची पट्टी, तानेची गती, आवाजाचा पोत यांविषयी आपण जी विधाने करतो, ती मग गायकाविषयी नसून यंत्राविषयी ठरतात. म्हणून आधी नोंद आणि मग अभ्यास, हा क्रम मला अटळ वाटतो.

खरी अडचण तबकडी संपते तिथे सुरू होते. स्पूल आणि पुढे कॅसेट आल्यावर मैफली घरोघरी मुद्रित झाल्या. साडेतीन मिनिटांच्या चौकटीबाहेरचा ख्याल, रंगत गेलेली बढत, श्रोत्यांची दाद, हे सारे या फितींवर आहे. मात्र त्यांना कंपनीचा क्रमांक नाही. खासगी फितीची ओळख स्थळ, तारीख आणि साथीदार या तीन गोष्टींवर उभी असते, आणि डबीवर बहुधा गायकाचे व रागाचे नावच काय ते लिहिलेले असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की तबकड्यांची सूची जगात कुठेही बसून करता येईल. फितींची सूची मैफल झाली त्या गावातच करावी लागेल.

वसमतचे उदाहरण घ्या. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला, त्याआधी हा तालुका परभणीत होता. डबीवर ‘वसमत, जि. परभणी’ असेल तर मजकूर बहुधा त्यापूर्वीचा. बहुधा अशासाठी, की जुनी सवय लगेच सुटत नाही. गावाचे नाव कुणी वसमत लिहिते, कुणी बसमत. सूचीत दोन्ही रूपे नसतील तर एकाच गावातल्या मैफली दोन ठिकाणी विखुरतील. तबल्याचा ठेका ऐकून वादक ओळखणारा, गणेशोत्सवातले गाणे कोणत्या साली झाले हे सांगणारा माणूस मुंबईच्या संग्रहालयात सापडणार नाही. नांदेडचे नाथराव नेरळकर मराठवाड्यात राहून गायले, शिकवत राहिले आणि २०२१ मध्ये गेले. त्यांच्यासारख्या गायकाची सूची करायची तर कंपन्यांच्या याद्या पुरणार नाहीत. गावोगावच्या कपाटांपर्यंत जावेच लागेल.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. मैफलीतले मुद्रण अनेकदा गायकाला न विचारता झालेले असते. कधी आवाज बसलेला, कधी मुद्रण सदोष. ते बाहेर आणणे अन्याय नाही का? केसरबाई केरकर स्वतःच्या मुद्रणाबाबत किती काटेकोर होत्या, हे सर्वश्रुत आहे. हा आदर राखलाच पाहिजे. परंतु नोंद म्हणजे प्रसारण नव्हे. फीत अमुक घरी आहे, तिच्यात हे आहे, एवढे लिहिल्याने कुणाचा हक्क बुडत नाही. ऐकवायची की नाही, हे कुटुंबाने ठरवावे. प्रकाशित ध्वनिमुद्रणाला कायद्याने ६० वर्षांचे संरक्षण आहे. चुंबकीय फितीला ओल, बुरशी आणि उन्हाळा तेवढी सवलत देत नाहीत. दुसरा आक्षेप असा, की गायकी गुरूच्या मुखातून येते, यंत्रातून नाही. मान्य. पण भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले ते आवाज मागे न ठेवता. त्यांची थोरवी आपण शिष्यांच्या गळ्यातून आणि इतरांच्या शब्दांतून जाणतो. तसा नाइलाज नसताना तो ओढवून घेण्याचे कारण नाही.

नोंद करताना डबीवरचा मजकूर चुकीचा वाटला तरी जसाच्या तसा उतरवावा आणि आपला तर्क वेगळ्या रकान्यात लिहावा. फीत मूळ की नक्कल, नक्कल असल्यास कोणाकडून आली, हेही विचारावे. एकाच मैफलीच्या चार नकला चार मैफली म्हणून मोजल्या जातात त्या इथेच. तारीख ठाऊक नसेल तर अंदाज लिहावा आणि अंदाजाचे कारणही. या कामाला मोठा निधी लागत नाही. एक वही, चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आणि राग ओळखणारा कान पुरतो. संगीत विद्यालयातले विद्यार्थी सुट्टीत हे करू शकतील. त्यांच्या शेजारी मात्र ती मैफल ऐकलेले कुणी बसलेले हवे, आणि अशी माणसे वयाच्या ऐंशीच्या घरात आहेत.