खळ्यापुढून जाणारी वाट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी घरापुढच्या खळ्याला लागून एक पाखाडी आहे. जांभ्याच्या ओबडधोबड दगडांची, पावसाळ्यात शेवाळाने निसरडी होणारी आणि वैशाखात आंब्याच्या वाळल्या पानांखाली झाकून जाणारी ही वाट वरच्या वाडीतून निघते, दोन आगरांच्या गडग्यांमधून वळसे घेत आमच्या खळ्यापुढे येते, पुढे पऱ्ह्यावरचा साकव ओलांडते आणि ग्रामदेवतेच्या सहाणेपाशी संपते. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलेल्या आजोबांना वाटेने जाणारा माणूस त्याच्या खाकरण्यावरून ओळखू येत असे, आणि ओळख पटली की "कोण, बाळू काय? ये, पाणी पी नि जा" ही हाक ठरलेली असे. जाणारा थांबे, तांब्यातले पाणी आणि गुळाचा खडा घेई, वरच्या वाडीची खबरबात सांगे आणि पुन्हा वाटेला लागे. ही वाट कोणाच्या मालकीची, असा प्रश्न त्या काळी कोणी विचारला असता तर विचारणाऱ्याच्याच प्रकृतीची चौकशी झाली असती.

आज हाच प्रश्न कोकणातल्या ग्रामसभांत पुनःपुन्हा विचारला जातो, आणि तो विचारताना खुर्च्या मागे सरतात, आवाज चढतात, क्वचित सभा तहकूब होते. "वाट अडवली" हे दोनच शब्द. पण त्यांच्यापाठी कुठे विकली गेलेली बाग असते, कुठे भाऊबंदकी, कुठे मुंबईहून येऊन बंगला बांधणाऱ्या चाकरमान्याचे नवे चिरेबंदी कुंपण, आणि कुठे नुसतीच जुनी अढी.

कुंपण पूर्वीही होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. वाटेच्या तोंडाशी गुरे आत शिरू नयेत म्हणून बेडे असे: दोन बाजूंना दोन खांब, खांबांना पाडलेली भोके आणि त्या भोकांतून आडवे सरकणारे वासे. माणसाने वासे सरकवावेत, पलीकडे जावे, वळून ते पुन्हा बसवावेत, एवढाच त्याचा विधी. बेड्याने गाय अडे, माणूस अडत नसे. आणि ज्याने वासे पुन्हा बसवले नाहीत त्याच्या नावाने संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत शंख होई. त्या बेड्याच्या जागी लोखंडी फाटक आले आणि फाटकाला कुलूप आले, तेव्हा त्या वाटेचा स्वभावच पालटला. कारण बेड्याची किल्ली ही सर्वांच्या हातांत होती आणि कुलपाची किल्ली मालक मुंबईला घेऊन जातो.

परंतु फाटक बसवणारा प्रत्येक मनुष्य खलपुरुष आहे असे समजून या प्रश्नाचा विचार करणे अन्यायाचे होईल. ज्याच्या न्हाणीघराच्या भिंतीपासून चार हातांवरून वाट जाते, ज्याच्या कलमांवरचा आंबा रात्रीतून उतरवला जातो, ज्याचे घर वर्षातले दहा महिने बंद आणि शेजार रिकामा, त्याला आपल्या खळ्यावरून कोणीही केव्हाही जावे हे रुचत नसेल तर त्यात अस्वाभाविक काही नाही. पूर्वी वाटेने जाणारा प्रत्येक जण नावानिशी ठाऊक होता. आता मोबाईलवरचा नकाशा पाहत समुद्राकडची जवळची वाट शोधणारा अनोळखी पर्यटक त्याच खळ्यावर उभा राहून छायाचित्रे काढतो. आणि खरे सांगायचे तर वाट आक्रसण्याचे पातक केवळ नव्या मालकांचेच नाही; आमच्याच घराण्यात एका पावसाळ्यानंतर ढासळलेला गडगा पुन्हा रचताना तो हातभर वाटेकडे सरकल्याची कथा आहे, आणि ती सांगताना आमचे काका अजूनही विषय बदलतात.

कायदा या बाबतीत मुका नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, २० व्या कलमान्वये, दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नसलेले सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा शासनाच्या मालकीच्या आहेत. त्याच संहितेचे १४३ वे कलम तहसीलदाराला दुसऱ्याच्या भूमापन क्रमांकाच्या बांधावरून शेतात जाण्याच्या हक्काची चौकशी करून निर्णय देण्याचा अधिकार देते. त्याहून जुना १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे: शेतजमिनीकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या रस्त्यात कोणी बेकायदा अडथळा केला तर सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा, मामलेदाराने नोटीस काढावी, जागेची पाहणी करावी, पंचनामा करावा आणि अडथळा दूर करण्याचा हुकूम द्यावा. ग्रामपंचायत अधिनियमाचे ५३ वे कलम सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमण हटवण्याचा अधिकार खुद्द पंचायतीला देते, आणि पंचायत हातावर हात ठेवून बसली तर जिल्हाधिकाऱ्याकडे जाण्याची सोयही त्यात आहे. एवढी शस्त्रे असताना वाट अडते कशी, असे वाचकाला वाटेल. पेच असा की महसुली कायद्यांचा मुख्य रोख शेताकडे जाणाऱ्या वाटेवर आहे, घराकडून देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर नाही. आणि पंचायतीचा अधिकार चालायचा तर ती वाट सार्वजनिक आहे हे आधी सिद्ध व्हावे लागते.

ते सिद्ध करायचे कशाने? गावनकाशात पायमार्ग तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली असते. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची जी मोजणीची साखळी इंग्रजांच्या भूमापनखात्याने या मुलखात फिरवली, तिचे हे नेमके चार आणे. पण कोकणातल्या घरामागच्या, आगरामधल्या पाखाड्यांपैकी कितीतरी त्या नकाशावर उतरल्याच नाहीत. उरते ती ग्रामपंचायतीच्या दप्तरातली नोंद. पंचायतीच्या ताब्यातील रस्त्यांची नोंदवही म्हणजे नमुना तेवीस, आणि गावोगावचा सारा वाद शेवटी याच एका वाक्यावर येऊन आदळतो: "वाट तेवीस नंबरला आहे का?"

असली तर प्रश्न मिटतो. नसली तर ग्रामसेवक सांगतो, जमीनमालकांची संमतीपत्रे आणा. येथे कोकणच्या सातबाऱ्याचे स्वरूप ज्यांना ठाऊक आहे ते मनातल्या मनात हसतील. दीड गुंठ्याच्या सामाईक तुकड्यावर चाळीस-चाळीस नावे, त्यांतली अर्धी मृत, वारसनोंदी झालेल्या नाहीत. हयात असलेल्यांपैकी कोणी डोंबिवलीला, कोणी बडोद्याला, कोणी मस्कतला. त्या साऱ्यांच्या सह्या गोळा करणे हे एका पिढीचे काम, आणि चाळिसातल्या एकाने जरी "मला विचारून मग काय ते करा" असा निरोप धाडला तरी कागद पुन्हा फडताळात जातो.

मग कोणी सल्ला देतो की वहिवाट सिद्ध करा. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा म्हणतो की शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे एखाद्या वाटेचा उपभोग घेतला तर जाणाऱ्याचा हक्क कायम होतो. वाचायला सोपे आहे. पण "हक्क म्हणून" या दोन शब्दांत कोकणच्या सगळ्या पाहुणचाराची परीक्षा दडलेली आहे. मालकाच्या परवानगीने, त्याच्या मेहेरबानीने जो जातो, त्याला शंभर वर्षांनीही हक्क मिळत नाही. म्हणजे आजोबांनी झोपाळ्यावरून दिलेली ती हाक, तो तांब्या, तो गुळाचा खडा, हे सारे उद्या न्यायालयात मांडले गेले तर आमचा वकील त्याला परवानगीचा पुरावा म्हणू शकेल आणि ज्याने वैर धरून, डोळे वटारून, नाइलाजाने वाट सोडली त्याच्याविरुद्ध मात्र वहिवाट सहज शाबीत होईल. कायद्याचा तर्क बिनचूक असेल. पण सौजन्याने वागणाऱ्या गावाला तो कागदावर दुबळा करून सोडतो, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही. शिवाय हा व्यक्तिगत हक्क झाला, म्हणजे अमक्या घराचा तमक्या जमिनीवरून. सगळ्या गावाची सार्वजनिक वाट ही निराळी चीज असून तिला रूढीचा आणि पिढ्यान्पिढ्यांच्या अव्याहत वापराचा आधार लागतो.

तो आधार शोधायला फार लांब जावे लागत नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, तिचा मार्ग ठरलेला असतो आणि तो मोडण्याची छाती अजून तरी फारशा कोणाची झालेली नाही. गणपती विसर्जनाला याच वाटेने जातात. तिरडीही याच वाटेने. वर्षभर फाटकाला कुलूप लावणारा मालक पालखीच्या दिवशी ते स्वतः उघडून उंबऱ्याशी समई लावून उभा राहतो, हे मी पाहिले आहे. त्या दिवशी देवाला दिलेली वाट दुसऱ्या दिवशी शाळेला जाणाऱ्या पोराला का मिळू नये, हा प्रश्न ग्रामसभेत एका वृद्धेने उभी राहून विचारला होता. उत्तर कोणी दिले नाही. विषय पुढील सभेवर ढकलल्याची नोंद मात्र झाली.

या वादाचे खरे मूळ, माझ्या मते, पायांत नसून चाकांत आहे. जुन्या मालकांना माणसे चालण्याची हरकत क्वचितच असते. भीती असते ती आज पाखाडी म्हणून लिहून दिलेली वाट उद्या सिमेंटची होईल, परवा तिच्यावरून रिक्षा जाईल आणि तेरवा रुंदीकरणासाठी माड तोडायला सांगतील याची. ही भीती काल्पनिक नाही, कारण नोंद एकदा "रस्ता" म्हणून झाली की पुढच्या निधीत तिचे काँक्रीट होते. दुसऱ्या बाजूला वरच्या वाडीतल्या म्हातारीला तापात डोलीतून खाली आणावे लागते तेव्हा "आमच्या दारापर्यंत गाडी का येऊ नये" हा आक्रोशही तितकाच खरा असतो. पण हे दोन वेगळे हक्क आहेत, आणि १८८२ च्याच कायद्याचे २८ वे कलम स्पष्ट सांगते की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क अंतर्भूत होत नाही. पायाने जाण्याचा हक्क असला म्हणून गाडीने जाण्याचा हक्क येत नाही. ज्या मालकाला हे कलम कोणी वाचून दाखवलेले नाही तो संमतीपत्रावर सही करायला कचरतो, आणि ज्याला ते ठाऊक आहे तो "पायवाटेपुरती" असे शब्द घालून निश्चिंतपणे सही करतो.

इंग्लंडात १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची पाहणी गावपातळीवरच्या पंचायतींच्या मदतीने करून अधिकृत नकाशे तयार करायला सांगितले आणि त्यांत पायवाट निराळी, घोडवाट निराळी अशी वर्गवारी केली. ते नकाशे पुरे व्हायला कित्येक दशके लागली आणि तिथले तंटेही संपलेले नाहीत; परंतु नकाशावर जी वाट आली तिच्याविषयी ती आहे की नाही हा वाद उरला नाही, आणि पायवाट म्हणून झालेल्या नोंदीतून मोटार घालण्याचा हक्क निघत नाही, हेही ठरून गेले. आपल्याकडे ग्रामपंचायतीला एवढे करायला दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभेच्या ठरावाने गावातल्या पाखाड्यांची यादी करावी, प्रत्येकीची सुरुवात, शेवट आणि रुंदी लिहावी, तिच्यापुढे "केवळ पायी जाण्यासाठी" असा शेरा स्वच्छ अक्षरांत मारावा, आणि मालकांकडून संमती मागायची ती एवढ्याचीच मागावी. गाडीरस्त्याचा विषय, मोबदल्याचा विषय, स्वतंत्र ठेवावा. दोन्ही एकाच कागदावर मागितल्यामुळेच आजवर एकही मिळालेले नाही.

आमच्या पाखाडीची खालची जमीन मध्यंतरी विकली गेली आणि नव्या मालकांनी चिऱ्याची भिंत घातली. दोन पावसाळे माणसे पऱ्ह्याच्या काठाने फेऱ्याने जात राहिली, एकदा एक मुलगा घसरून त्याचा हात मोडला, आणि त्यानंतर कोणाच्याही हुकुमाशिवाय त्या गृहस्थांनी भिंतीत एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट सोडली. गुरे जात नाहीत, मोटारसायकल जात नाही, डोक्यावर हारा असलेली बाई जाऊ शकते. फटीला फाटक नाही. तेवीस नंबरच्या वहीत तिची नोंदही नाही, आणि ते गृहस्थ आता सत्तरीच्या पुढचे आहेत.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या रूढ तारखा. त्यांपैकी १ मेला आंब्याच्या निमित्ताने निम्मी मुंबई गावीच असते; सातबाऱ्यावरच्या चाळिसांपैकी पंधरा-वीस जण तरी त्या आठवड्यात सहीला सापडतात. आपण त्या दिवशी गावात असाल तर जेवणाआधी तासभर सभेला जाऊन बसा, आणि जाताना घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून आपल्या वाडीच्या वाटांची नावे एका कागदावर उतरवून न्या.